सत्तर पावलांचा नेम

कामावर निघताना डेल्फा टर्नर फाटकाची साखळी नेहमी वरच्या खिळ्याला अडकवायची. तीस वर्षांची सवय, डोळे मिटले तरी हात तिथंच जायचा. त्या गुरुवारी शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटपून दुपारी तीनला ती परतली, तेव्हा साखळी खालच्या खिळ्याला होती.

ती गाडीतून उतरलीच नाही. इंजिन चालू ठेवून समोरच्या घराकडे बघत राहिली. ओसरी, ओसरीवरची झुलती खुर्ची, बाजूला कोठार आणि त्याच्या मागे डोंगराची चढण, सगळं सकाळी सोडून गेली होती तसंच. ओढ्याचं पाणी वाजत होतं. बाकी माउस क्रीकच्या त्या घळीत पानसुद्धा हलत नव्हतं.

ही पहिली खूण नव्हती. सप्टेंबरात टिप नाहीसा झाला. तिचा पिवळा कुत्रा, अकरा वर्षांचा, सांधे धरलेला. त्याला आपल्या पायांनी लांब जाणं शक्यच नव्हतं. मग एकदा ओसरीवरची खुर्ची फिरलेली सापडली, पाठ रस्त्याकडे आणि तोंड तिच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीकडे. त्यानंतर झऱ्याशी बुटांचे ठसे उमटले. आणि गेल्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ हॉबर्ट लाकडं टाकायला आला होता, त्याला पायरीखाली तंबाखूची लाल पुडी सापडली. तिची घडी घालून ती कोपऱ्यात मुडपलेली होती. अशी घडी एकच माणूस घालायचा.

एस्टिल. एकेकाळचा तिचा नवरा. बारा वर्षांपूर्वी तिला आत ठेवून त्याने स्वयंपाकघराचं दार बाहेरून बंद केलं होतं आणि रॉकेल ओतून आग लावली होती. ती खिडकी फोडून बाहेर पडली. डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी झाली, ती कायमचीच. कोर्टाने त्याला वीस वर्षं दिली. वीस वर्षांनंतर आपण साठी ओलांडलेली असेल, तेव्हा बघू, असा हिशेब मनाशी करून डेल्फा तेव्हापासून सुखाने झोपायला लागली होती.

पण ऑगस्टात एका संध्याकाळी हॉबर्ट आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"बस तरी," ती म्हणाली.

"डेल्फा, तो सुटलाय."

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतेस? चांगला वागला म्हणून सोडलाय. मला तुरुंगातून फोन आला."

घळीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून तुरुंगखात्याकडे त्या वेळी हॉबर्टचाच नंबर दिलेला होता. शेरीफला आपण सांगून ठेवलंय, असंही तो म्हणाला. "पण शेरीफ म्हणतो, त्याने काही करेपर्यंत मी काही करू शकत नाही. तू गावात राहायला ये. माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे."

डेल्फा गेली नाही. मात्र त्या दिवसापासून रात्रीचं जेवण ताटात राहायला लागलं. उकडलेला घेवडा आणि मक्याचा ब्रेड समोर असायचा, आणि ती कान देऊन बाहेरचं ऐकत बसायची.

साखळी खालच्या खिळ्याला दिसली त्याच संध्याकाळी तिने कपाटामागून वडिलांची बंदूक काढली. पॉइंट टू-टू, एका वेळी एक गोळी टिचकीसारख्या आवाजात सोडणारी, खारी मारायची साधी बंदूक. आठ वर्षांची असताना ती हिच्यावरच नेम शिकली होती. तिने ती खांद्याला लावली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी दिसतच नव्हती. चष्मा लावला तर माशी दिसे आणि कोठार धूसर होई. चष्मा काढला की कोठार स्वच्छ आणि माशी गायब. पंचावन्न वर्षांचे डोळे एका वेळी एकच काम करायला तयार होते.

"मला हिच्यावर दुर्बीण बसवायची आहे," शनिवारी सकाळी ती हॉबर्टला म्हणाली.

हॉबर्ट तिच्याकडे बघत राहिला. "कशाला?"

"डोळ्यांना दिसत नाही म्हणून."

"मी विचारतोय, कशाला?"

तिने बंदूक उचलली आणि त्याच्या गाडीत जाऊन बसली. गाडी तालुक्याच्या गावाकडे निघाली.

अँसिल फ्युगेटच्या दुकानात खिळे, कोंबड्यांचं खाद्य, नळाच्या तोट्या आणि बंदुका एकाच छताखाली मिळत. अँसिल सत्तरीचा, खाणीतून निवृत्त झालेला, बोलताना मधूनमधून खोकणारा. त्याने बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, दुर्बीण बसवायच्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मिस डेल्फा, तुमच्या वडिलांनी हिला लेकीसारखं तेल पाजलंय. काय मारायचंय?"

"खारी," हॉबर्ट आधीच बोलला.

"मी तिला विचारलं, हॉबर्ट. तू तर दहा फुटांवरून कोठार चुकवशील." अँसिलने काउंटरवर फडकं पसरून त्यावर तीन दुर्बिणी मांडल्या. "खिशाला झेपतील अशा या तीनच. बाकीच्या बघून उगाच जीव जाळू नका."

पहिली बोटाएवढ्या बारीक नळीची, वीस डॉलरची. हॉबर्टने ती उचलून लगेच तिच्या हातात दिली. "ही घे. काम भागलं. तुला खारी मारायच्यात का चंद्रावरचे खड्डे मोजायचेत?"

"इथं दिव्याखाली नका बघू," अँसिल म्हणाला. "दिव्याखाली सगळ्याच चांगल्या दिसतात. दारात जा. समोर चपलांचं बंद दुकान आहे ना, त्याच्या पायऱ्यांखाली अंधार आहे. त्या अंधारात बघा."

डेल्फा दारात गेली. वीस डॉलरच्या दुर्बिणीतून पायऱ्यांखाली नुसता काळा डाग दिसला. त्यात काहीतरी हललं, पण ते काय होतं ते कळेना.

दुसरी दिसायला रुबाबदार, नऊपटीपर्यंत वाढणारी. हिच्यात डाग मोठा झाला, पण अँसिल शेजारून म्हणाला, "आता बंदूक स्थिर ठेवून डोळा तेवढा इकडेतिकडे हलवा. मधली फुली जागेवर राहते का?"

"नाही. सरकतेय."

"ही हरणाच्या बंदुकीची. शंभर यार्डांसाठी जुळवलेली. त्याच्या अलीकडे ही खोटं बोलते. आता ही घ्या."

तिसरी साधी, ठेंगणी आणि काळी होती. चारपट, ना कमी ना जास्त, फिरवायला काहीच नाही. पन्नास यार्डांवर जुळवलेली, पॉइंट टू-टूसाठीच केलेली. डेल्फाने डोळा लावला, आणि काळ्या डागातून एक मांजर बाहेर आलं. करडं, एका कानाचा तुकडा उडालेलं, पंजा चाटत बसलेलं. तिने डोळा हलवला. फुली मांजराच्या छातीवरून हलली नाही.

"ही," ती म्हणाली.

"पंचाहत्तर डॉलर!" हॉबर्ट जवळजवळ ओरडलाच. "अगं, त्या बंदुकीला तरी एवढी किंमत येईल का? वीसची घे आणि गप बस."

"पैसे माझे आहेत, हॉबर्ट."

अँसिलने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कड्या खाचेत बसवायला सुरुवात केली. मान खाली घालूनच त्याने विचारलं, "साधारण किती अंतरावरून मारणार?"

"सत्तर पावलं."

उत्तर फार पटकन आलं. अँसिलचा हात थांबला.

"खार काही सत्तर पावलांवर येऊन बसत नाही, मिस डेल्फा. आज इथं तर उद्या तिथं. अंतर आधीच ठरलेलं असतं ते दुसऱ्याच कशाचं तरी."

हॉबर्ट हसला, जरा जास्तच मोठ्याने. डेल्फाने डाव्या हाताची बाही खाली ओढली.

"एस्टिल सुटलाय," ती म्हणाली.

"कधी?"

"ऑगस्टात."

"ऑगस्टात?" अँसिलने डोळे बारीक केले. "मला कुणी बोललं नाही. कुणाच्या कोंबडीला सर्दी झाली तरी या काउंटरवर कळतं."

"तो काय बँड वाजवत येणार होता?" हॉबर्ट म्हणाला. "आटप, म्हाताऱ्या. मला दुसरी कामं आहेत."

अँसिलने स्क्रू घट्ट केले. बंदूक तिच्या हातात देताना मात्र त्याने ती क्षणभर सोडली नाही. "एक ऐका. ही बघायची वस्तू नाही. हिच्यातून ज्याच्याकडे बघाल त्याच्याकडे नळीही बघत असते. आधी साध्या डोळ्यांनी ओळखायचं, मगच ही लावायची. उलटं केलंत तर देवही मधे पडणार नाही."

परतताना ओढ्याकाठच्या वळणावर हॉबर्टने गाडी हळू केली. "डेल्फा, मी पुन्हा सांगतो. त्या विक्रीच्या कागदावर सही कर. निम्मी घळ तुझी, निम्मी माझी. तुझ्या सहीवाचून माझी निम्मी कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. लेक्सिंग्टनचा तो माणूस सगळी घ्यायला तयार आहे. सुट्टीसाठी लाकडी घरं बांधायची आहेत त्याला. तू गावात ये, दिव्यांच्या रस्त्यावर राहा. इथं तुझी किंकाळी तरी कोण ऐकणार?"

"आई-बाबा वरच्या टेकाडावर आहेत."

"ते मेलेत. तू अजून जिवंत आहेस."

हे त्याने इतक्या मायेने म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, या जगात आपलं म्हणायला हा एकच उरलाय.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने ओसरीच्या खांबाशी ओंडका उभा केला, त्याला कागदी ताटली ठोकली आणि ती कोठारात गेली. तंबाखू वाळवायचं जुनं कोठार, फळ्याफळ्यांत मुद्दाम फटी ठेवलेलं. वरच्या माळ्यावर पालथी पडून तिने फटीतून नळी बाहेर काढली. कोठार ते ओसरी बरोबर सत्तर पावलं होती. शुक्रवारीच तिने ती मोजली होती, एकदा नव्हे, चारदा. पहिल्या तीन गोळ्या डावीकडे खाली गेल्या. तिने दुर्बिणीवरची टोपणं काढली आणि नाण्याने वरचा स्क्रू फिरवला, मग बाजूचा. टिक, टिक, टिक. अकराव्या गोळीला ताटलीच्या मधोमध भोक पडलं. बाराव्या आणि तेराव्या गोळीने तेच भोक मोठं केलं.

प्रत्येक आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. तिला भीती वाटायला हवी होती. उलट हात थंड होते आणि श्वास संथ. त्याचीच तिला मागाहून भीती वाटली.

सगळ्या खुणा ती कामावर असतानाच उमटल्या होत्या. हे तिला आधीच कळायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला रात्रच दिसते. तो दिवसा येत होता. पहाटे साडेपाचला तिची गाडी रस्त्याला लागली की मग येत होता.

सोमवारी कामावरून निघताना तिने शाळेत, बरं नाही, उद्या येत नाही, असा निरोप ठेवला. हॉबर्टला काही बोलली नाही, कारण त्याने अडवलं असतं. मंगळवारी नेहमीच्या वेळी तिने साखळी वरच्या खिळ्याला अडकवली, गाडी दोन मैलांवर चर्चच्या मागे उभी केली आणि ओढ्याच्या काठाकाठाने चालत परत आली. धुकं इतकं होतं की पायाखालचे दगड पायानेच शोधावे लागत होते. कोठाराच्या माळ्यावर ती जुन्या तंबाखूच्या वासात पालथी पडली. खिशात उकडलेलं अंडं होतं, ते तिने खाल्लं नाही.

त्या घळीत ऊन दहाशिवाय उतरत नाही. साडेसातला सगळं राखेच्या रंगाचं होतं. घर ओळखू येत होतं, ओसरीचे खांब मोजता येत होते, त्यापलीकडे काही नाही.

आधी साखळी वाजली.

मग पावलं. पाऊलवाटेच्या खडीवर, घाई न करता. धुक्यातून माणूस आला. तपकिरी जाड कोट, टोपी पुढे ओढलेली, खांदे किंचित वाकलेले. त्या भागातला प्रत्येक पुरुष ऑक्टोबरात असाच कोट घालतो, पण डेल्फाला त्या वेळी जगात एकच पुरुष उरला होता. तिने त्याला साध्या डोळ्यांनी ओळखलं नाही. ओळखायचा प्रयत्नही केला नाही. तिने बंदूक खांद्याला लावली आणि खटका मागे ओढून ती झाडायला तयार केली.

दुर्बिणीत तो एकदम जवळ आला. पाठ तिच्याकडे होती. फुली दोन खांद्यांच्या मधे जाऊन बसली आणि तिथंच राहिली. त्याने ओसरीवर चढून खुर्चीचा हात धरला आणि ती हळूच फिरवली, तोंड खिडकीकडे करून. डेल्फाच्या बोटाने चापाचा पहिला सैल भाग ओढून घेतला होता. आता केसाएवढं अंतर उरलं होतं. तिला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, बाहेरून बंद होणारं. रॉकेलचा वास येत होता. तिने मनात म्हटलं, वळ. तोंड बघू दे, मग.

त्याने खिशातून लाल पुडी काढली. गुडघ्यावर ठेवून नीट तिची घडी घातली, कोपऱ्यात मुडपली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवली. मग टोपी काढून उलट्या मनगटाने कपाळ पुसलं.

तिचे वडील तसं कपाळ पुसायचे. नांगर थांबवून, टोपी काढून, उलट्या मनगटाने.

तो वळला. राखेच्या उजेडातही चारपटीची काच स्वच्छ होती. टक्कल, लालसर भुवया, आणि लहानपणी तिनेच चुकून मारलेल्या दगडाचा हनुवटीवरचा व्रण. हॉबर्ट.

वीस डॉलरच्या काचेत तो नुसता एक काळा डाग असता.

यानंतर जे झालं ते डेल्फाने पुढे कुणालाही सांगितलं नाही. तिने त्याला ओळखलं, पुडीही ओळखली. टिप, ठसे, तो फोन, वरची रिकामी खोली, कागदावरची सही, सगळं एका श्वासात जागेवर बसलं. आणि फुली हलली नाही. ती हॉबर्टच्या कोटाच्या दुसऱ्या बटणावर होती आणि तिथंच राहिली. एक श्वास, दुसरा, तिसरा. कितीतरी. बोटाखालचं केसाएवढं अंतर तेवढंच होतं.

तिने बोट काढलं तेव्हा ते तिचं स्वतःचंच आहे असं वाटत नव्हतं. ते चापाला चिकटलेलं सोडवावं तसं सोडवावं लागलं.

"हॉबर्ट."

तो जागच्या जागी थिजला. आवाज कुठून आला ते त्याला कळेना. "कोण आहे?"

"तुझी बहीण."

"डेल्फा?" त्याने कोठाराकडे पाहिलं, आणि फटीतून बाहेर आलेली नळी त्याला दिसली. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "तू... तू कामावर नाही गेलीस? अगं, मी बघायलाच आलो होतो. तो येऊन गेला का, हे बघायला. ही बघ, पुडी सापडली..."

"तुला ठेवताना पाहिलं मी."

हॉबर्ट ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. ओढ्याचं पाणी वाजत होतं.

"तू सही केली नसतीस," तो शेवटी म्हणाला. "कितीदा विचारलं, पाय धरायचे तेवढे बाकी होते. मी त्या माणसाला शब्द देऊन बसलोय. मला तुझी सही हवी होती, डेल्फा. तुझं वाईट नव्हतं करायचं मला. घाबरून गावात आली असतीस तर सुखात राहिली असतीस."

"आठ आठवडे मी घास गिळला नाही."

"मला माहीत आहे. मी बघत होतो."

"तो सुटलाय की नाही?"

हॉबर्टने नकारार्थी मान हलवली.

"टिप कुठाय?"

हॉबर्ट हातातली टोपी गोल गोल फिरवत राहिला.

"हॉबर्ट, टिप कुठाय?"

"म्हातारा झाला होता," तो इतक्या हळू म्हणाला की तिला ते दुर्बिणीत दिसणाऱ्या ओठांवरूनच कळलं.

डेल्फा माळ्यावरून खाली उतरली. खटका मोकळा केला, गोळी काढून खिशात टाकली आणि बंदूक कोठाराच्या भिंतीला टेकवून बाहेर आली. आता दोघांमधे सत्तर पावलांचं ओलं गवत होतं. ती ते ओलांडून पुढे गेली नाही.

हॉबर्ट उठला. जाता जाता फाटकाशी थांबला. "तू मला त्या दुर्बिणीतून बघत होतीस?"

"हो."

"मी आहे हे कळल्यावरसुद्धा?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, जणू एखाद्या मालाचा अपेक्षित भाव ऐकला. मग फाटक ओढून घेतलं आणि धुक्यात शिरला. बऱ्याच वेळाने खाली रस्त्यावर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. पहाटे रश्शाबरोबरच्या मऊ बिस्किटांचे दोन ट्रे भट्टीत सारले, रश्शाखालची आच कमी केली आणि साठवणीच्या खोलीतल्या भिंतीवरच्या फोनवरून तुरुंगखात्याचा नंबर लावला. मशीनने तिला एस्टिलचं नाव अक्षर अक्षर करून दाबायला लावलं. मग एका बाईचा कोरडा, रेकॉर्ड केलेला आवाज आला. हा कैदी तुरुंगात आहे. तो एकदाही बाहेर सोडला गेलेला नाही.

डेल्फाने भिंतीला कपाळ टेकवलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

आवाज थांबला नव्हता. कैद्याच्या सुटकेच्या अर्जावर पुढची सुनावणी मार्चच्या अकरा तारखेला आहे, असं त्या बाईने त्याच स्वरात सांगितलं. पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा. निरोप मिळण्याचा नंबर बदलण्यासाठी दोन दाबा.

डेल्फाने एक दाबलं. तारीख पुन्हा ऐकली. मग दोन दाबून हॉबर्टच्या नंबरच्या जागी शाळेच्या स्वयंपाकघराचा नंबर सावकाश, एकेक आकडा बघून दाबला.

बाहेर पहिली बस आली होती. मुलं रांगेत ढकलाढकली करत होती आणि कुणीतरी ट्रेवर चमचा वाजवत होतं. तिने बाही खाली ओढली, डोळे पुसले आणि रश्शाचं पातेलं उचलून ती बाहेर गेली.